साधनेला उपचाराची शिस्त हवी



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे नाशिकमध्ये मनापासून स्वागत करते.

माइंडफुलनेस, अध्यात्म आणि मानसोपचार यांवरची परिषद या जिल्ह्यात भरावी, हे मला फार उचित वाटते. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ साली विपश्यनेची शिबिरे सुरू झाली. तिकडे अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. बौद्ध साधनेतले ध्यान त्यांनी धर्माची परिभाषा बाजूला ठेवून जुनाट दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांपर्यंत नेले. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी त्याला बोधात्मक उपचारांची जोड दिली. त्यांच्या २००० सालच्या अभ्यासात तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. दोनदाच आजारी पडलेल्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही. कोणाला, केव्हा आणि किती, हे प्रश्न ध्यानालाही औषधाइतकेच लागू आहेत. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला पहिल्याच भेटीत ‘डोळे मिटा, श्वासाकडे बघा’ असे सांगितले, तर तिच्यासमोर तोच प्रसंग पुन्हा उभा राहू शकतो.

अध्यात्म तर आपल्याकडचा रुग्ण बरोबर घेऊनच येतो. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी हजारो वारकरी त्र्यंबकेश्वरला जातात. त्यांतही कोणी लिथियम घेणारा असतोच. कडक उपास, पायी चाल, कमी पाणी आणि कमी मीठ, यांनी त्याच्या रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. ‘उपास करू नका’ म्हणून हा विषय तोडला, तर तो पुढच्या वेळी आपल्याला सांगणारच नाही. त्याच्याशी बोलावे, पाण्याचे आणि मिठाचे ठरवावे, रक्ततपासणी करून घ्यावी. अध्यात्माची सांगड घालणे म्हणतात ते माझ्या मते इथून सुरू होते. श्रद्धा रुग्णाची असते, तिचा मान राखायचा. आपली श्रद्धा त्याच्यावर लादायची नाही. उपचारकाच्या खुर्चीत बसून गुरू होण्याचा मोह आपल्याला कठोरपणे टाळावा लागेल, कारण समोरचा माणूस त्या वेळी फार दुबळा असतो.

आणि श्रद्धास्थानी नेले म्हणजे उपचार झाला, असेही नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. २८ जीव गेले. आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण गुन्हा ठरवली. ती थांबवण्यासाठी मांत्रिकाच्या आधी आपण त्या घरापर्यंत पोहोचायला हवे.

या दोन दिवसांत या सगळ्यावर मोकळेपणाने, मतभेदांसह बोला. निवास-भोजनात काही कमी पडले, तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आता उद्घाटकांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी मी त्यांना विनंती करते.