शिंगाळ्या सरड्याचा शोध

अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत शिंगाळा सरडा पाहावयाचा असेल, तर आधीं मुंग्यांचें वारूळ शोधावें. दाणे वेंचणाऱ्या तांबड्या मुंग्या हें त्याचें मुख्य अन्न. त्या वारुळाभोंवतीं गवत काढून मोकळें वर्तुळ करतात. तेथें मुंग्यांच्या अवशेषांनीं भरलेली काळपट लेंडी दिसली, कीं स्वस्थ उभें राहावें. अंग चपटें, रंग मातीचा. हालेपर्यंत तो दिसतच नाहीं! कुत्र्यासारख्या प्राण्यानें गांठल्यास तो डोळ्यांतून रक्ताची चिळकांडी उडवितो. मौज पाहण्यासाठीं त्याला छेडूं मात्र नये. १९७७ पासून तेथें त्याला कायद्याचें संरक्षण आहे. परंतु परदेशांतून आलेल्या अग्निमुंग्यांसाठीं लोक विष घालतात, आणि त्यानें दाणे वेंचणाऱ्या मुंग्याहि मरतात. वर्तुळांत मुंगीच नसेल, तर तेथें सरड्याची वाट पाहणें व्यर्थ.