चुलीपाशी राखलेला धर्म

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावरून बोलण्याचा सराव नाही, तेव्हा घरी बोलते तसेच बोलेन. विषय दूरदेशीचा वाटेल, पण त्याचे एक टोक आपल्या नगरात आहे, म्हणून तो घेतला.

१४९० साली अहमद निजामशहाने आपले शहर वसवले, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा. ह्या बुऱ्हाणशहाकडे गोव्याहून एक पोर्तुगीज वैद्य येत असे. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. १५३४ साली तो हिंदुस्थानात आला, तो परत मायदेशी गेलाच नाही. शहाचे आणि त्याचे चांगले जमले होते. १५६३ साली त्याने गोव्यात औषधींवर एक मोठा ग्रंथ छापला. त्यात हिंग आहे, आले आहे, चिंच, नारळ, आंबा, सारे आहे. आपला मसाल्याचा डबाच म्हणाना! पटकीच्या रोगाचेही त्यात वर्णन आहे आणि इथले लोक त्याला काय म्हणतात तेही त्याने टिपले आहे. तो शब्द म्हणजे आपली मोडशी.

एवढे सगळे लिहिणाऱ्या ह्या माणसाने एक गोष्ट मात्र ग्रंथात लिहिली नाही. त्याचे आईबाप मूळचे यहुदी होते.

१४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर घालवले. पुष्कळजण शेजारी पोर्तुगालात गेले. तिथे १४९७ साली राजाने त्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा घराण्यांना पुढे पिढ्यान् पिढ्या ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. नाव बदलले, देवळात जाणे सुरू झाले, पण घरात काय चालते ह्यावर डोळा ठेवायला धर्मतपासणीचे न्यायालय बसले. पोर्तुगालात १५३६ साली आणि गोव्यात १५६० साली. त्यालाच इन्क्विझिशन म्हणतात.

ओर्ताच्या बहिणींना लिस्बनमध्ये कैद झाली होती. तिथून सुटून त्या आईसह १५४९ साली गोव्याला भावाकडे आल्या. १५६८ साली ओर्ता वारला आणि त्या घरावरचे छत्र गेले. बहीण कातारीना हिला १५६९ साली गोव्यात जिवंत जाळले. मेव्हण्याने न्यायालयापुढे सांगितले की, ओर्ता मनातून मोझेसचाच धर्म खरा मानी. मग १५८० साली ओर्ताची हाडे थडग्यातून काढून तीही जाळली. मेलेल्या माणसालाही शिक्षा! ह्या घराण्याचे हे जुने कागद १९३४ साली एका पोर्तुगीज अभ्यासकाने उजेडात आणले.

आता बायकांकडे येते. ह्या न्यायालयाच्या नजरेला गुन्हा कशावरून दिसे? शुक्रवारी तिने दिवा लावला का? शनिवारी धुतलेले कपडे घातले का? डुकराचे मांस टाळते का? बिनखवल्याचा मासा खाते की नाही? म्हणजे सारा पुरावा स्वयंपाकघरात, आणि साक्षीदार म्हणजे मोलकरीण नाही तर शेजारीण. गोव्यातल्या आपल्या लोकांनाही हा जाच चुकला नाही. १७३६ च्या हुकुमात तुळस लावायची नाही, धोतर-चोळी घालायची नाही, इतकेच काय, हिंदूंच्या रीतीने भात बिनमिठाचा शिजवायचा नाही, असे लिहिले होते. हे गोव्याचे न्यायालय कायमचे बंद झाले ते १८१२ साली.

अशा दिवसांत एखाद्या आईने मुलाला केव्हा सांगायचे की, आपण खरे कोण? लहान पोराच्या तोंडी काही राहत नाही. म्हणून मूल बारा-तेरा वर्षांचे, जाणते झाले की सांगण्याची रीत होती. तोवर आईने मुलापासूनही लपवायचे. मला ह्या गोष्टीचाच विचार फार दिवस पुरला.

१९१७ साली शामुएल श्वार्त्स नावाचा पोलंडचा एक खाणींचा इंजिनियर पोर्तुगालातल्या बेलमाँत ह्या डोंगरी गावात गेला. तिथे अशी घराणी अजून होती. शुक्रवारचा दिवा बाहेरून दिसू नये म्हणून आडोशाला ठेवीत. प्रार्थना आईकडून लेकीकडे तोंडी चालत आलेल्या, त्याही पोर्तुगीज भाषेत, कारण हिब्रू विसरून गेली होती. श्वार्त्स म्हणाला, मीही यहुदी आहे. त्यांचा विश्वास बसेना. जगात आपल्यावाचून यहुदी उरले आहेत हेच त्यांना खरे वाटेना! त्याने हिब्रू प्रार्थना म्हटली, तेव्हा त्यात ‘अदोनाय’ हा देवाचा शब्द एका म्हातारीने ओळखला, आणि तिची खात्री पटली.

आपल्या कोकणात ह्याच्या जवळचीच कथा बेने इस्रायलांची सांगतात. त्यांच्यावर धर्म बदलायची सक्ती कोणी केली नाही, हा मोठा फरक. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेली ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शनवार तेली झाली. दावीद रहाबी नावाच्या गृहस्थाने पारख करायला म्हणून त्यांच्या बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी खवल्यांचे आणि पंखांचे तेवढे वेचले, बाकीचे बाजूला सारले. बेलमाँतला एका म्हातारीने शब्द ओळखला, कोकणात बायकांनी मासे.

हल्ली ह्या शोधाला जोर आला आहे. स्पेन आणि पोर्तुगाल ह्या दोन्ही देशांनी २०१५ साली, हाकललेल्या यहुद्यांच्या वंशजांना पुराव्यावर नागरिकत्व द्यायला सुरुवात केली. दक्षिण अमेरिकेतून हजारो माणसे वंशावळी शोधू लागली. कोणाला आठवते, आजी केर उंबऱ्याकडे न लोटता खोलीच्या मध्याकडे लोटी. कोणाची शुक्रवारी मेणबत्ती लावी, का ते सांगत नसे. मला विचाराल तर आजीच्या प्रत्येक सवयीमागे यहुदी पणजोबा असतोच असे नाही. त्याला कागदाची जोड हवी. पण सवय आठवली म्हणूनच कोणी कागद शोधायला गेला, हेही खरे.

बेलमाँतच्या घराण्यांनी पुढे आपला धर्म उघड केला. १९८९ साली त्यांचा समाज रीतसर स्थापन झाला, १९९६ साली सभास्थान उभे राहिले. बाहेरून धर्मगुरू आले आणि त्यांनी शास्त्रशुद्ध पूजा शिकवली. पण शास्त्राप्रमाणे प्रार्थना चालवायची पुरुषांनी, बायकांनी बसायचे वेगळे. इतकी वर्षे ज्या बायकांनी प्रार्थना पाठ ठेवल्या, त्यांना सांगण्यात आले की तुमची पद्धत बरोबर नाही. कित्येक म्हाताऱ्यांना ते रुचले नाही. त्या सभास्थानात जात, आणि घरी येऊन दार लावून आईने शिकवलेली प्रार्थना पूर्वीसारखीच म्हणत.