तटावर कोरलेली नावे



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, ते इतिहासाच्या तासाला आधी नकाशा उघडीत आणि सनावळीकडे मागाहून वळत. तोच क्रम पाळून आज मी आपणांस जर्मनीतील एका गावी नेणार आहे. बव्हेरिया राज्यात, टाउबर नदीच्या खोऱ्यावर उंच वसलेल्या या गावाचे नाव रोथेनबुर्ग.

काही वर्षांपूर्वी तेथे दोन दिवस राहण्याचा योग आला. गावाभोवतीचा तट आजही उभा आहे आणि त्यावरील छपराखालच्या वाटेने सुमारे अडीच किलोमीटर चालता येते. एका हाताला मारा करण्यासाठी ठेवलेल्या जंग्या, दुसऱ्या हाताला लाल कौलांची तीव्र उताराची छपरे. खाली लाकडी चौकटींत भरलेल्या भिंतींची घरे आणि फरसबंद गल्ल्या. प्लोनलाइन नावाच्या तिठ्यावर रस्ता दुभंगतो आणि दोन्ही फाट्यांच्या टोकाशी वेशीचा एकेक बुरूज दिसतो. जवळच्या भट्टीत पिठाच्या पट्ट्यांचा गोळा तळून त्यावर पिठीसाखर भुरभुरवतात. त्याला श्नेबाल, म्हणजे बर्फाचा गोळा म्हणतात. मला मात्र घरच्या चिरोट्याची आठवण झाली.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. यादवकालीन मराठीविषयी शिकविताना समकालीन युरोपचे उदाहरण म्हणून मी या गावाचे नाव घेत असे. ज्ञानेश्वरांचा जन्म परंपरेने १२७५ चा मानतात. त्याच्या आदल्याच वर्षी, १२७४ साली, रोथेनबुर्गला सम्राटाच्या थेट छत्राखालील स्वायत्त नगराचा दर्जा मिळाला. इतके सांगून मी पुढे म्हणत असे, की या गावाला काळाचा हात लागलेला नाही. हे वाक्य मी किती वर्षे उच्चारले असेन, ते मोजवत नाही. ते चुकीचे होते.

ते कळले तटावरच. चालता चालता भिंतीतील दगडांवर कोरलेली नावे दिसू लागली. प्रथम वाटले, ही धारातीर्थी पडलेल्या वीरांची असतील. परंतु त्यांत दूरदूरच्या देशांतील नावे होती, जपानी संस्थांचीही होती. चौकशी करता समजले, की तटाच्या पुनर्बांधणीसाठी देणगी देणाऱ्यांची ही नावे आहेत. मी ज्या भिंतीला मध्ययुगीन समजून हात लावीत होतो, ती माझ्या हयातीत उभारलेली होती!

३१ मार्च १९४५ रोजी, दुसरे महायुद्ध युरोपात संपण्यास जेमतेम सहा आठवडे उरले असताना, अमेरिकन विमानांनी रोथेनबुर्गवर बाँब टाकले. ३९ माणसे मृत्युमुखी पडली. जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग, नऊ बुरूज आणि दोन हजार फुटांहून अधिक लांबीचा तट उद्ध्वस्त झाला. उरलेले गाव तोफखान्याच्या तोंडी जावयाचे, ते दोन्ही बाजूंच्या माणसांमुळे वाचले. अमेरिकेचे युद्धखात्याचे साहाय्यक सचिव जॉन मॅक्लॉय यांना हे गाव ठाऊक होते. त्यांच्या आईने येथून नेलेले चित्र त्यांच्या घरी होते, असे सांगतात. त्यांनी तोफा न डागण्याविषयी सेनापतीला सुचविले. इकडे शेवटपर्यंत लढण्याचा हिटलरचा हुकूम डावलून स्थानिक जर्मन अधिकाऱ्याने गाव न लढविण्याचे मान्य केले. पुढे गावकऱ्यांनी जुन्या रूपाशी मेळ राखीत घरे बांधली, आणि जगभरच्या माणसांनी तटासाठी हातभार लावला.

त्याआधीची शतकेही 'काळाचा हात न लागण्याची' नव्हती. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ साली, सेनापती टिलीने गाव जिंकले. माजी नगराध्यक्ष नुश यांनी सव्वातीन लिटर मद्याचा प्याला एका दमात रिकामा करून गाव वाचविले, अशी दंतकथा आहे. तिच्यावरील नाटक १८८१ पासून तेथे होत आले आहे. त्या युद्धानंतर मात्र गावाला जी अवकळा आली, ती दीर्घकाळ टिकली. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसाच उरला नाही, म्हणून जुने राहिले. एकोणिसाव्या शतकात चित्रकारांना त्या दारिद्र्यातच सौंदर्य गवसले. म्हणजे आधी दारिद्र्याने राखले, मग कौतुकाने, आणि १९४५ नंतर संकल्पाने.

परंतु संकल्पाने राखताना काय राखावे, हा प्रश्न उरतोच. यूडनगासे, म्हणजे ज्यूंची गल्ली, आजही तेथे आहे. तेराव्या शतकात मायर बेन बारुख हे ज्यू धर्मशास्त्राचे थोर पंडित या गावी राहून शिकवीत. ज्ञानेश्वरांच्या समाधीला दोन वर्षे होतात न होतात तोच, १२९८ साली, येथील ज्यूंची कत्तल झाली. १५२० साली उरलेल्यांना हाकलून देण्यात आले. एकोणिसाव्या शतकात काही कुटुंबे पुन्हा येऊन स्थायिक झाली. त्यांना ऑक्टोबर १९३८ मध्ये, नोव्हेंबरातील देशव्यापी अत्याचारांच्याही आधी, गाव सोडावयास लावले. नाझींना हे गाव आदर्श जर्मन नगर वाटे आणि ते सहलींचे तांडे येथे आणीत. तीच कौले, त्याच वेशी. गावाच्या सौंदर्याने कोणाचेही रक्षण केले नाही.

ही आठवणही आता गावाने जपली आहे. ज्यूंच्या मध्ययुगीन थडग्यांचे दगड संग्रहालयात आहेत, आणि जुन्या गढीच्या जागी असलेल्या बागेत १२९८ च्या बळींची स्मृतिशिला आहे. ती पाहून मी सेंट याकोब चर्चमध्ये गेलो. तेथे टिलमान रीमेनश्नायडर याने सोळाव्या शतकाच्या आरंभी लिंडेनच्या लाकडात कोरलेले ख्रिस्ताचे अखेरचे भोजन आहे. दृश्याच्या मध्यभागी ख्रिस्त नाही. हाती थैली घेतलेला, विश्वासघात करणारा यहूदा उभा आहे आणि ख्रिस्त त्याला घास देत आहे. शिल्पकाराने यहूदाला कोपऱ्यात ढकलले नाही. मी त्या मूर्तीपुढे बराच वेळ बसून राहिलो.

मित्रहो, आपल्या बडोद्यात लहेरीपुरा आणि पाणीदरवाजा उभे आहेत. त्यांना जोडणारा तट फारसा उरलेला नाही. उद्या तुमच्यापैकी कोणी या शहराचा, येथील मराठी माणसांचा, किंवा या शाळेचा इतिहास लिहील. त्यात वैभवाच्या नोंदी जरूर कराव्यात. परंतु दरवाजाच्या आत कोण राहिले याबरोबरच कोणाला बाहेर ठेवले, हेही लिहावे. काय पडले आणि काय मागाहून बांधले, तेही सांगावे. पुन्हा बांधलेल्या भिंतीवर तशी खूण ठेवण्यात कमीपणा नाही. रोथेनबुर्गच्या तटावर ती नावे नसती, तर मी माझे चुकीचे वाक्य घेऊनच परतलो असतो.

पुस्तकात चूक आढळली, की गुरुजी ती खोडरबराने पुशीत नसत. वर रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहीत, म्हणजे दोन्ही दिसत. त्या सवयीचे स्मरण करून आणि गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करून मी आपली रजा घेतो.