माझे पैसे?

मी भांडुप पश्चिमेला बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. टेंभीपाडा, तुळशेतपाडा, कोकण नगर या भागातले गट माझ्याकडे आहेत. एरवी मी तुमच्याशी कर्जाचे हप्ते, मसाल्याची विक्री असंच काहीतरी बोलले असते. आज मात्र आमच्या एका गटात कामाला येणाऱ्या मुलीबद्दल बोलणार आहे. मुलगी म्हणते खरी, पण ती बावीस वर्षांची आहे. तिला बौद्धिक अपंगत्व आहे. नाव सांगत नाही, कारण तिला विचारून मगच सांगायला हवं आणि ती सध्या 'नको' म्हणते.

तिची आई आमच्या गटाची जुनी सभासद. आम्ही त्यांना काकी म्हणतो. एकदा महिन्याची सभा संपली, सगळ्या उठल्या, काकी बसूनच राहिल्या. मला वाटलं कर्ज हवं असेल. त्या म्हणाल्या, "माझ्या माघारी हिचां कसां होतलां?"

हा प्रश्न तुमच्यापैकी किती जणींनी रात्री अंथरुणात स्वतःला विचारला असेल, मला ठाऊक आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. त्यात सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरा पूर्ण झाली, की शाळेची गाडी यायची थांबते. त्यानंतर घर, टीव्ही आणि खिडकी. मुंबईत मोठ्या मुलांना काम शिकवणाऱ्या संस्था आहेत, नाही असं नाही. शिवडीची जय वकील शाळा १९४४पासूनची, चेंबूरची नॅसिओ १९६८पासूनची. पण टेकडीवरच्या घरातून रोज तिला घेऊन जायचं, दिवसभर थांबायचं आणि परत आणायचं, म्हणजे काकींचा दिवसाचा रोज बुडाला. काकी चार घरी स्वयंपाक करतात. म्हणून ठरलं, की आमच्या फराळाच्या गाळ्यातच तिला बसवून बघू.

शिकवायचं कसं, ते आम्हाला येत नव्हतं. एका विशेष शाळेतल्या शिक्षिका दोन रविवार आल्या आणि त्यांनी आमचे डोळे उघडले. चकलीचं पाकीट भरायचं हे आपल्याला एक काम वाटतं. त्यांनी त्याच्या नऊ पायऱ्या पाडल्या. हात धुणं, टोपी घालणं, पिशवी उघडणं, असं करत करत शेवटी पाकीट खोक्यात ठेवणं. आणि शिकवायला सुरुवात केली शेवटच्या पायरीपासून! आधीचं सगळं आम्ही करायचं, खोक्यात तिने ठेवायचं. ते जमलं, की त्याच्या आधीची पायरी, पाकीट चिकटवण्याची. गंमत अशी, की रोज काम पुरं करणारी तीच असते, त्यामुळे ती कंटाळत नाही. ही युक्ती घरातही चालते. साडीच्या घड्या, अंथरूण, डबा भरणं, कशालाही.

वजनाशी मात्र अडलं. काट्यावरचे आकडे तिला लागेनात. मग आमच्या एका मावशींनी घरून जुना दोन पारड्यांचा तराजू आणला. एका पारड्यात पाव किलोचं वजन, दुसऱ्यात चकली. दोन्ही पारडी समोरासमोर आली, की झालं. आमच्यातली कोणी घाईत चार चकल्या जास्त टाकेल, ती टाकणार नाही.

आता खरी गोष्ट सांगते. एक दिवस गाळ्यात ती एकटीच होती, आम्ही मागे तळणावर. कोणीतरी अनोळखी माणूस आला आणि म्हणाला, "हे ताट दे." तिने नवं कोरं ॲल्युमिनियमचं ताट उचलून दिलं. तो गेला. काकी तिच्यावर ओरडल्या. ती रडली नाही, गोंधळली. तिच्या हिशेबाने तिने बरोबरच केलं होतं. बावीस वर्षं आपण तिला काय शिकवलं? मोठ्या माणसाने सांगितलं, की ऐकायचं. 'किती शहाणी आहे, सांगेल ते ऐकते' असं सगळे कौतुकाने म्हणायचे, मीसुद्धा.

त्या संध्याकाळी मी सगळ्यांना विचारलं, त्याने ताटाऐवजी दुसरं काही मागितलं असतं तर? कोणी काही बोललं नाही. काकी पदराने तोंड पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून पाकिटं बाजूला ठेवली आणि चार गोष्टी म्हणायला शिकवल्या. 'नाही.' 'थांबा.' 'कळलं नाही.' 'माझं आहे.' नुसतं पाठ करून भागत नाही. आम्ही नाटक करायचो. मी चोर व्हायचे, मावशी लगट करणारा रिक्षावाला व्हायच्या, तिने मोठ्याने 'नाही' म्हणायचं आणि माणसांत जाऊन उभं राहायचं. पहिले आठ दिवस तोंडातून शब्द फुटत नव्हता, कारण आम्ही तिच्यापेक्षा मोठ्या ना! तिच्या आईलाही 'नाही' म्हणायची परवानगी द्यावी लागली. ते काकींना सगळ्यात जड गेलं.

आणि तिने हे पहिल्यांदा खरोखर वापरलं ते माझ्यावर.

दिवाळीची ऑर्डर संपली, पैसे वाटायचे होते. पाकिटामागे दोन रुपये असा दर. तिचे पैसे मी काकींच्या पाकिटात घातले, तेही अर्ध्या दराने. माझा हिशेब असा, की तिच्याशेजारी कोणाला तरी बसावं लागतं, त्या बाईचं काम मागे पडतं. कोणाला विचारलं नाही आणि कोणी हरकतही घेतली नाही. सगळ्यांचे लिफाफे देऊन झाले. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझे पैसे?"

सगळ्या हसल्या, प्रेमानेच. मी म्हटलं, "आईकडे दिलेत गं." ती हलली नाही. "माझे," म्हणाली.

वहीत तिच्या नावावर तीनशे दहा पाकिटं होती. सहाशे वीस रुपये होत होते, मी तीनशे दहा दिले होते. मला तिथेच घाम फुटला. पुढच्या सभेत मी हे मांडलं, तेव्हा वाद झाला. "तिला पैशाचं काय कळतंय?" एक जण म्हणाली. खरं सांगते, माझ्या मनातही तेच होतं. पण पाकिटं मोजून घेताना तिला कळतंय की नाही, हे आम्ही विचारलं नव्हतं. शेवटी उरलेले पैसे दिले, तिच्या हातात, वेगळ्या लिफाफ्यातून.

मग पैसे वापरायला शिकवणं आलं. सुटे पैसे मोजणं तिला जमत नाही, म्हणून एक साधी रीत घेतली. दुकानदार त्रेचाळीस म्हणाला, की पुढची दहाई धरायची, पाच दहाच्या नोटा द्यायच्या आणि उरलेले घेईपर्यंत तिथेच उभं राहायचं. बँकेच्या खात्याचं मात्र अजून घोंगडं भिजत आहे. एका बँकेत आम्हाला पालकत्वाचं प्रमाणपत्र आणायला सांगितलं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांपुढच्या अशा व्यक्तीसाठी पालक नेमता येतो, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना हा कायदा लागू आहे. त्यांच्यासाठीच एक लाखापर्यंतचा 'निरामय' आरोग्य विमाही आहे, त्याची चौकशी जरूर करा. पण पालक नेमला, म्हणजे तिच्या सहीची जागा दुसऱ्याची सही घेणार. आताच कुठे 'माझे' म्हणायला शिकलेल्या मुलीसाठी हे करावं का, यावर काकींचं आणि माझं अजून एकमत नाही.

लोक मला विचारतात, बाहेर कोण देणार नोकरी? देणारे आहेत. आमच्या शेजारच्या पवईत २०१५ साली मिर्ची अँड माइम नावाचं हॉटेल निघालं. तिथे वाढपी कर्णबधिर. मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाची खूण दिलेली, गिऱ्हाइकाने ती हाताने करून दाखवायची. जुहूला २०१८पासून कॅफे अर्पण आहे, तिथे ऑटिझम, डाऊन सिंड्रोम असलेली मंडळी काम करतात. अशा जागी माणूस बदलत बसण्यापेक्षा कामाची पद्धत बदलतात. आमचा तराजू तरी दुसरं काय होता? सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, मानसिक आजार वगैरेंसाठी मिळून आहे. पण चाळीस टक्क्यांच्या दाखल्याशिवाय दार उघडत नाही. तेव्हा ज्यांनी अजून यूडीआयडी कार्ड काढलेलं नाही, त्यांनी आधी ते काढा.

सध्या शिकवणं चालू आहे ते घर ते गाळा एकटीने येण्याचं. वाट दहा मिनिटांची, पण उतार, फुटपाथ नाही आणि शेअर रिक्षा कुठूनही वळतात. आधी आठ दिवस हात धरून, मग शेजारून, मग वीस पावलं मागून. काकी या वीस पावलांवरच अडकल्या. दोन महिने झाले तरी त्या लपतछपत मागून यायच्याच.

गेल्या मंगळवारी ती नाक्यावर मागे वळली, आईकडे बघून हात वर केला आणि म्हणाली, "थांबा."

काकी मला सांगायला आल्या तेव्हा रागावल्या होत्या की काय, कळेना. म्हणाल्या, "आता मी नाक्यावरसून परत येतंय."