पदराआडचं तोंड

(वसंत व्याख्यानमालेत एका दंतवैद्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



काही वर्षांपूर्वी साठीच्या एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या. पूर्ण वेळ पदर तोंडावर. शेवटी हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, नात जवळ येत नाही. म्हणते, आजी, तुझ्या तोंडाला वास येतो." घरातल्या मोठ्यांना तो वास कितीतरी दिवस येत होता. बोलली ती पाच वर्षांची पोर.

तोंडाला वास येतो म्हटलं की माणूस गलिच्छ, असं आपण ठरवून मोकळे होतो. म्हणून कोणी कोणाला सांगत नाही. आणि ज्याच्या तोंडाला वास येतो त्याचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं, त्याला तो कळतच नाही. दुखणं एकाचं, ठाऊक दुसऱ्याला, आणि दोघंही गप्प. हे गप्प बसणं मोडावं, एवढंच मागायला मी आज उभा आहे.

"पोट साफ नसेल," हे आपलं ठरलेलं निदान. पण दहांतल्या आठ-नऊ जणांचा वास तोंडातच तयार होतो. जिभेचा मागचा भाग आरशात नीट पाहा. तिथल्या खाचांमध्ये पांढरट-पिवळा थर साचतो. त्यात, आणि हिरड्यांच्या कडेला, हवा न लागता वाढणारे जिवाणू असतात. अन्नाचे कण, लाळ, झडलेल्या पेशी यांतली प्रथिनं ते कुजवतात आणि गंधकयुक्त वायू सुटतात. एकाचा वास सडक्या अंड्यासारखा, दुसऱ्याचा कुजलेल्या कोबीसारखा.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखलं होतं. जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळानं दुर्गंधी येते, म्हणून जीभ खरवडावी, असं चरकसंहितेत सांगितलं आहे. त्यासाठी सोनं, चांदी, तांबं, कथील, पितळ असे धातूही दिले आहेत. पुढे 1683 साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक यांनी स्वतःच्या दातांमधला पांढरा मळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात वळवळणारे जीव दिसले. हे गृहस्थ रोज मिठानं दात घासत असत! दातांच्या फटीत घासणं पोचत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

या जिवाणूंना आवरते ती लाळ. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तोंड धूत असते. झोपेत ती अगदी कमी होते, म्हणून सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो. कडक उपवास, उन्हाळ्यात कमी पाणी पिणं, तोंडानं श्वास घेणं, सर्दी-ॲलर्जीच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही तोंड कोरडं पडतं. लसणाचा वास वेगळा. तो रक्तात मिसळून फुप्फुसांतून बाहेर पडतो आणि काही वेळानं आपोआप जातो.

आजींचं तोंड उघडलं. दिवसातून चार वेळा मिशरी. खालच्या पुढच्या दातांमागे कीटण दगडासारखं घट्ट, हिरड्यांतून रक्त. दाढांच्या फटीतून दोरा फिरवला आणि त्यांच्या नाकाशी धरला. त्यांनी झटकन मान मागे घेतली. "हे माझ्या तोंडात होतं?" लवंग, वेलदोडा, बडीशेप त्या रोज खात होत्या. त्यानं वास घटकाभर झाकला जात होता, खाली हिरड्यांचा रोग वाढत होता.

म्हणून घरी एवढं करा. दोन वेळा, दोन-दोन मिनिटं दात घासा; रात्रीचं घासणं चुकवू नका. जीभ मागून पुढे हलक्या हातानं खरवडा. दातांच्या फटी दोऱ्यानं किंवा बारीक ब्रशनं साफ करा. कवळी रात्री काढून, घासून ठेवा. पाणी पीत राहा. मिशरी आणि तंबाखू सोडा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दात साफ करून घ्या. त्यानं दात सैल होतात ही भीती खोटी आहे.

काही वासांच्या बाबतीत मात्र थांबून चालत नाही. मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, सोबत उलट्या आणि धाप असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठा. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास आणि शेंबूड येत असेल, तर आत मणी किंवा शेंगदाणा अडकलेला असू शकतो. घरी उकरू नका, डॉक्टरांकडे न्या.

आजींची मिशरी सहज सुटली नाही. दोनदा सुटली, दोनदा परत लागली. तिसऱ्या खेपेला त्या आल्या तेव्हा पदर खांद्यावर होता, आणि शेजारच्या खुर्चीत नात बसली होती.

आज घरी गेल्यावर जवळच्या एका माणसाला विचारा, "माझ्या तोंडाला वास येतो का? खरं सांग." आणि तुम्हाला कोणी विचारलं, तर चारचौघांत नको, बाजूला घेऊन मायेनं खरं सांगा. त्या पोरीनं सांगितलं नसतं, तर आजी माझ्याकडे आल्याच नसत्या.