मनन आणि सेवा

इ. स. १९०१ मध्यें विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत दाखल झाले. युनिटेरियन धर्मोपदेशक घडविणारी ही संस्था १७८६ मध्यें मँचेस्टर येथें निघाली होती. विद्यार्थ्यास ती कोणत्याही विशिष्ट मताच्या स्वीकाराची अट घालीत नसे; म्हणूनच प्रार्थनासमाजाचे हे तरुण सभासद स्वधर्म न सोडतां तेथें दोन वर्षें धर्मांचें तौलनिक अध्ययन करूं शकले. दूरदेशींच्या या अध्ययन-मननाचें फळ काय, असा प्रश्न श्रोत्यांस पडेल. १९०३ मध्यें परतल्यावर ते समाजाचे प्रचारक झाले. १९०६ मध्यें त्यांनीं भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापून मुंबईंत परळ येथें अस्पृश्यांच्या मुलांसाठीं शाळा उघडली. ऑक्सफर्डला केलेल्या मननाची खरी परीक्षा त्या शाळेंत झाली.