पेशीच्या पटलावरील खिसे

पेशीभोवतीचे पटल म्हणजे अचल भिंत नव्हे. ते जागोजाग आत दबते, त्याचे इवलेसे खिसे होतात आणि बाहेरील द्रव्य घेऊन आत शिरतात. बार्बरा पिअर्स यांनी १९७६ मध्ये ज्याला क्लॅथ्रिन हे नाव दिले, त्या प्रथिनाची जाळी अशा खिशाला गोलाकार देते. मग डायनामिन नावाचे प्रथिन त्याच्या मानेभोवती वेटोळे घालून ती आवळते. खिसा सुटा होतो, जाळी गळून पडते आणि चालक प्रथिने त्याला तंतुमार्गांवरून वाहून नेतात.

पण मान तुटलीच नाही तर? ‘शिबिरे’ नामक उत्परिवर्तित फळमाशीत डायनामिन सदोष असते. सुमारे ३० अंश उष्णतेत ते निकामी होते; मज्जातंतूंच्या टोकांशी संदेशवाहक पुटिका पुन्हा घडत नाहीत आणि माशी लुळी पडते. गारवा मिळताच ती पूर्ववत होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनी अशा माश्यांचा अभ्यास केला.

माणसाच्या मज्जातंतूंतही हेच कार्य अखंड चालते. हे शब्द आपणांस ऐकू येत आहेत, तेही या खिशांच्या मुकाट येरझारांच्याच आधाराने.